ओळ क्रमांक ४११८

वेर्ण्याच्या पठारावर, औषधाच्या कारखान्याला
पाठ लावून आमचं ऑफिस. आत कायम एकवीस अंश.
बाहेर तापलेला कातळ, कुठल्याशा गोळीचा कडवट वास,
आणि मधूनच दाबोळीला उतरणारं एखादं विमान,
पोट दाखवत, चाकं सोडून.
मी वर बघत नाही. दोन वर्षांनी कुणीच बघत नाही.

माझं काम दुसऱ्याचं लिहिलेलं तपासणं.
ज्याने लिहिलं त्याने तपासायचं नाही, हा पहिला नियम.
दुसरा: प्रत्येक ओळीला आई हवी.
म्हणजे वर कुठेतरी एक वाक्य हवं, क्रमांक पडलेलं, सही झालेलं,
विध्यर्थातलं: प्रणालीने अमुक करावे.
ते दाखवता आलं नाही तर ओळ पुसा.
विमानात काहीही 'असू दे, लागेल' म्हणून जात नाही.

४११८ला आई नव्हती.

चाकं फिरतायत, आणि दोन्ही नळ्या म्हणतायत वेग शून्य,
तर नळ्यांचं ऐकू नको, वैमानिकाला सांग.
एवढंच. नळ्यांचं आपसात एकमत, म्हणून
बाकीच्या सगळ्या तपासण्या खूश.
लिहिणारा मेल्विन कुलासो, नोकरी सोडून कुवेतला गेलेला.
शेऱ्यात एकच शब्द, रोमी लिपीत: कुंभारीण.

वरदराजन, बंगळूरचे ऑडिटर, चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले,
"या बाई कोण? टीममध्ये होत्या?"
कुणी हसलं नाही.
"मंगळवारपर्यंत आई शोधा. नाहीतर पुसा."

मेल्विनचा फोन लागेना.
रविवारी चिखलीला, घरी, मागच्या दाराला किल्ली जाईना.
कुलपाच्या भोकात माती, बोटाने लिंपल्यासारखी गुळगुळीत.
मी हेअरपिनने खरवडली.
आत हिरव्या अळ्या, जिवंत, पण न हलणाऱ्या,
कुणाच्या तरी पिलासाठी रचून ठेवलेल्या.
आई ओट्यावरून ओरडली,
"मोडलंस? कुंभारणीचं घर गो ते!
भोक दिसलं की ती येते. तिला काय ठाऊक तुझं कुलूप."

मी पिन हातात धरून तशीच उभी.
चार दिवस उभं असलेलं विमान.
नळीवर झाकण घालायला कुणी तरी विसरलेलं.
एक भोक, नेमकं तिच्या मापाचं.
शेजारी दुसरं.

अपघाताचे अहवाल संकेतार्थात असतात:
झाकण घातले असते, तर.
कुणी वाकून बघितले असते, तर.
आम्ही विध्यर्थात लिहितो. आधी, कंटाळवाणं,
दीड हजार पानं, जी वाचताना वरदराजनही
जांभई दाबतात.

वरून न आलेल्या, कामातूनच उगवलेल्या वाक्यालाही
आमच्यात जागा आहे. फक्त ते
सुरक्षावाल्यांपुढे उभं करावं लागतं;
बिनआईच्या पोराची चौकशी जास्त.
मी लिहिलं: चाके फिरत असताना दोन्ही नळ्यांनी
वेग शून्य दाखवल्यास प्रणालीने इशारा द्यावा.
मग चाचण्या. यात प्रत्येक अटीने
एकटीने सिद्ध करायचं असतं,
की बाकी सगळं तसंच ठेवून
फक्त ती बदलली, तर निर्णय बदलतो.
(घरी हे मला अजून करून दाखवता आलेलं नाही.)

अकरा दिवस गेले. सुरक्षावाल्यांचे सतरा प्रश्न,
त्यातला एक किड्याच्या कमरेच्या जाडीबद्दल.
मग सही.
वरदराजन जाताना म्हणाले, "तो शब्द काढा. प्रमाण नाही."
काढला. त्याजागी कारण लिहिलं, तीन वाक्यांत,
कुणाचंही नाव नसलेलं.
मेल्विनला मेसेज टाकला. दोन निळ्या खुणा, उत्तर नाही.

शनिवारी बघते तर मागच्या कुलपात पुन्हा माती,
अजून ओली.
आई म्हणाली, "पुढच्या दाराने ये."